पोचा नसलेली कळशी

चित्रशाळेच्या फॉर्मवर माझ्या बायकोचं नाव मीच घातलं, स्वतःच्या हातानं, निळ्या शाईत, ठळक अक्षरांत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

महापालिकेच्या चित्रशाळेत मोठ्या माणसांसाठी गुरुवारचा वर्ग निघणार, हे मला कंपनीच्या कँटीनमध्ये कळलं. आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून वर्गही गुरुवारी, सकाळी दहा ते एक. मी फर्स्ट शिफ्ट संपवून तसाच युनिफॉर्मवर चिंचवडला गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, बारा नावं झाल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही. तुम्ही अकरावे. घरातलं कुणी असेल तर बघा." मी दुसरा फॉर्म मागून घेतला. तिनं वर्गाला यावं अशी माझी काही इच्छा नव्हती. आकडा भरावा एवढीच होती. पण हजेरी कमी पडली तर वर्ग बंद होईल असं तिथं लिहिलेलं होतं, तेव्हा तिला स्कूटरवर मागे बसवून न्यावं लागलं.

"म्या काय करू तिथं?" ती म्हणाली.

"बसून राहा. नाहीतर लोकर ने विणायला."

आता माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी निघोज्याचा. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत मला ए ग्रेड होती. आमचे चित्रकलेचे सर सायकलवरून घरी आले आणि वडिलांना म्हणाले, याला पुण्याला चित्रकलेच्या शिक्षणाला घाला. वडील गोठ्यात होते. तिथूनच म्हणाले, "भिती रंगवून पोट भरतं व्हय, सर?" सरांनी चहा घेतला आणि गेले. मी आयटीआयला गेलो. पुढे आमच्या शिवारात कंपन्या आल्या आणि मी त्यातल्या एकीत लागलो. आज मी क्वालिटीत आहे. गाडीचे पत्र्याचे भाग प्रेसमधून निघतात, ते मी उजेडात धरतो, अंगठा फिरवतो, ड्रॉइंगशी ताडून बघतो. कुठं डेंट दिसला की लाल खूण करायची आणि माल लाल पेटीत टाकायचा. पंचवीस वर्षं मी रोज ड्रॉइंग बघत आलो आहे, पण दुसऱ्यानं काढलेलं.

तेव्हा चित्रशाळेत मी हौस म्हणून गेलो नव्हतो. सर बरोबर होते आणि वडील चुकले, एवढं मला सिद्ध करायचं होतं. वडील आता नाहीत. सरांचा पत्ता नाही. तरी करायचं होतं.

वर्ग घेणाऱ्या मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची एक पद्धत होती. पावणेएकला प्रत्येकानं आपला कागद भिंतीलगतच्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यानं अडकवायचा. नाव घालायचं नाही. मग मॅडम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायच्या, प्रत्येक कागदापुढे थांबायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. काय सांगायचं ते पुढच्या गुरुवारी, ज्याला त्याला जवळ बसून. पण त्या किती वेळ थांबल्या हे सगळ्यांना दिसायचं. इतरांचं मला माहीत नाही, मी मात्र मनात आकडे मोजायचो. पहिल्या गुरुवारी माझ्या पेल्याच्या चित्रापुढे त्या सहा आकडे थांबल्या. मला ते बरं वाटलं, कारण बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांपुढे तीनच झाले होते.

तिसऱ्या गुरुवारी बायको लोकर घरी विसरली. मॅडमनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, नुसतं बसण्यापेक्षा तो लिंबू काढा." तिनं पेन्सिल हातात घेतली ती भाजी निवडताना काडी धरावी तशी. मी बाजूच्या स्टुलावरून बघत होतो आणि मला हसू येत होतं. पावणेएक वाजता मॅडम तिच्या लिंबापुढे थांबल्या. मी मोजत होतो. अकरा.

नवीन बाईला उत्तेजन द्यायचं म्हणून थांबल्या असतील, असं मी घरी जाताना स्वतःला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिनं चपलांचा जोड काढला आणि चौदा झाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात अर्धा सोललेला कांदा, सतरा. माझे पाच, सहा, पाच. मी पेन्सिल बदलली. पुण्याहून जर्मन पेन्सिलींचा संच आणला. उजेड डावीकडून हवा म्हणून जागा बदलून घेतली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी मी अंगण सरळ करत राहिलो.

मी जळत होतो. दुसरा शब्द नाही त्याला. शेजाऱ्यानं गाडी घेतली की जळतो तो माणूस वेगळा, त्याला निदान दार लावून घेता येतं. माझी तर जिच्यावर मी जळत होतो ती सकाळी पाचला उठून माझा डबा भरत होती. डब्यात मेथीची भाजी असायची, मला आवडते म्हणून लसणाची फोडणी जास्त घातलेली, आणि मी कँटीनमध्ये ती खाताना विचार करायचो की हिला कांद्याचं साल असं सुटं कसं काढता आलं. तिनं एलिमेंटरी दिलेली नाही. चऱ्होलीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली, तेव्हा तिथं चित्रकलेचा तास म्हणजे मैदान साफ करणं. तिला ही इच्छा कधी नव्हतीच. मी तीस वर्षं जे पोटात धरून बसलो ते हिला लोकर विसरल्यामुळे मिळावं?

सगळ्यात जास्त राग याचा यायचा की तिला त्याचं काही नव्हतं. घरी आली की कागद फ्रिजवर ठेवायची आणि कुकर लावायची. एकदा तिच्या चपलांच्या चित्रावर तिनं वाटाणे सोलले. मी म्हणालो, "अगं, ते चित्र आहे." ती म्हणाली, "व्हय की. झालं न्हाई का ते काढून?"

दिवाळीनंतर मॅडमनी सांगितलं की घरातलं एखादं जुनं भांडं आणा, महिनाभर तेच काढायचं. आमच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या फिल्टरखाली एक पितळेची कळशी असते. बायकोच्या लग्नात तिच्या आईनं दिलेली. तिच्या पोटावर एका बाजूला तळहाताएवढा पोचा आहे, कधीचा पडलेला. मी म्हणालो, तीच नेऊ, दोघांना एकच पुरेल. ती मांडीवर घेऊन बायको स्कूटरवर बसली. मॅडमनी ती स्टुलावर ठेवली, पोचा खिडकीकडे करून.

मी ड्रॉइंग शिकलेला माणूस आहे. मी आधी कागदाच्या मधोमध सेंटर लाइन मारली. मग डावी बाजू काढली, तीच मापं उजवीकडे घेतली. गळा, काठ, पोट, बूड, सगळं दोन्हीकडे सारखं. पोचा मला दिसत नव्हता असं नाही. पोचा मलाच आधी दिसतो, तोच माझा पगार आहे. पण आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये डेंट नसतो. डेंट मालात असतो. ड्रॉइंग बरोबरच असतं आणि माल त्याच्याशी ताडून बघायचा, जिथं जुळत नाही तिथं माल चुकला. तेव्हा मी कळशी जशी असायला हवी तशी काढली. मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "काका, दिसतंय तसं काढा." मी म्हणालो, "तसंच काढतोय, मॅडम." मला ते खरंच तसंच वाटत होतं.

बायकोनं सेंटर लाइन मारली नाही. तिनं खालून सुरुवात केली. आधी बूड, त्याच्याखाली थोडी सावली, म्हणजे कळशी टेकली. मी विचारलं, खालून का? म्हणाली, "आदी टेकू द्या तिला नीट, मंग वर जाऊ." पोचा तिनं कळशीच्या तिसऱ्या गुरुवारी काढायला घेतला आणि तीन तास तेवढंच काढत बसली. सुईत दोरा ओवताना करते तसा एक डोळा बारीक केला होता. पोचा असा उतरला की त्यात बोट घालावंसं वाटे. खिडकीचा उजेड त्यात अर्ध्यात येऊन थांबला होता. उरलेली कळशी साधीच होती, गळा तर थोडा वाकडाही गेला होता. बघणाऱ्याची नजर मात्र त्या पोच्यावर जायची आणि तिथंच राहायची.

त्या दिवशी मॅडम तिच्या कागदापुढे थांबल्यावर मी तीसपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं.

फेब्रुवारीत चित्रशाळेचं प्रदर्शन असतं. दारातून आत शिरलं की समोर एक मोठी भिंत आहे. तिच्यावर प्रत्येक वर्गाचं एकच चित्र लावतात, बाकीची आतल्या खोल्यांत. आमच्या वर्गातून समोरच्या भिंतीसाठी बायकोची कळशी निवडली, हे मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि कुणी बघत असेल म्हणून जरा जास्तच वाजवल्या. माझी कळशी आतल्या खोलीत, दाराच्या मागे लागणार होती.

चित्राला पुठ्ठ्याचा माउंट करून आणायचा होता. दापोडीत माझ्या ओळखीचा एक फ्रेमवाला आहे, मॅडमना मीच म्हणालो, मी आणतो करून. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे शपथेवर सांगतो.

मंगळवारी माझी फर्स्ट शिफ्ट होती. चारला घरी आलो. बायको भाचीच्या साखरपुड्याच्या तयारीला चऱ्होलीला गेली होती. चहा करून घेतला, जेवणाच्या टेबलावर तिचं चित्र पसरलं आणि बघत बसलो. स्वयंपाकघरातून कळशी आणून समोर ठेवली. एकदा कळशीकडे, एकदा चित्राकडे. मला वाटलं, एवढ्या लोकांत हिचं चित्र लागणार, आणि लोक म्हणतील, बाईला साधी गोल कळशी काढता आली नाही. मला वाटलं, आपण हिची लाज राखतोय. माणूस स्वतःशी किती शहाणपणानं खोटं बोलतो ते त्या तासाभरात मी बघितलं. माझा हात खोडरबराकडे गेला. मी पोचा पुसला. पुसून उरलेल्या करड्या डागावर माझ्या जर्मन पेन्सिलीनं पोटाची रेघ पुरी केली, दुसऱ्या बाजूचं माप घेऊन. वर शेडिंग सारखं करून घेतलं. कंपनीत याला रिवर्क म्हणतात. खराब माल दुरुस्त करून परत तपासायचा आणि हिरवं लेबल लावायचं. मी चित्र हातभर लांब धरलं आणि मनातल्या मनात हिरवं लेबल लावलं. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहायलाच हवं.

बुधवारी दापोडीहून माउंट करून आणलं, खाकी कागदात गुंडाळलेलं. बायकोनं ते उघडलं नाही.

गुरुवारी मॅडमनी सगळ्यांची चित्रं टेबलावर मांडून घेतली. खाकी कागद काढला आणि त्या थांबल्या. मी सवयीनं मोजायला लागलो. चाळीस झाले, पन्नास झाले. एवढ्या त्या कुणापुढेच थांबल्या नव्हत्या. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "काकू, हे तुम्ही बदललंत?"

बायको खिडकीपाशी पेन्सिलीला टोक करत होती. ती आली. तिनं चित्राकडे बघितलं. माझी रेघ लपण्यासारखी नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच दाबाची, बारीक, कडक. इतके महिने शेजारी बसून तिनं ती रेघ बघितली होती. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच केलं. बरं दिसंना मला."

"अहो, पण का? त्या पोच्यासाठी तर आपण हे चित्र निवडलं होतं."

"चुकलं, मॅडम."

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. रविवारी प्रदर्शन. परत काढायला वेळ नव्हता. तेवढ्यात बायको म्हणाली, "ह्यांचं लावा की माझ्या जागी. कळशी तीच हाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. नको म्हणायला तो वेळ पुरेसा होता.

"चालेल," मी म्हणालो.

घरी जाताना मोशीच्या सिग्नलला मी पुढे बघतच विचारलं, "तू माझं नाव का नाही घेतलंस?"

मागून ती शांतपणे म्हणाली, "पोचा तुमीच पाडला हुता. पुसलाबी तुमीच. मी मधी काय बोलू?"

खरं सांगतो, तोवर मला आठवत नव्हतं. निघोज्याचं घर सोडून फ्लॅटवर आलो त्या दिवशी टेम्पो भरून झाला होता आणि बायको कळशी घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, घरात नळ आहेत, कळशी कशाला, भंगारात घाल. ती न्यायचीच म्हणाली. उन्हानं माझं डोकं तापलं होतं. मी तिच्या हातातून ती ओढली आणि भिरकावली. ती दगडी पायरीवर आपटली. बायकोनं उचलली, पदरानं पुसली, टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि मांडीवर ठेवली. त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. म्हणजे तिनं तीन तास बसून काढलं ते हे होतं. मी ते माप घेऊन सरळ केलं.

मला वाटलं होतं की हे समजल्यावर माझं जळणं थांबेल. थांबलं नाही. उलट त्या दिवशी ते जास्त झालं, फक्त कारण बदललं. समोरची भिंत तिनं माझ्यासाठी सोडली ती ताटातली भाकरी मोडून द्यावी इतक्या सहज. ती भिंत मुळात माझी असती तर मी देवालासुद्धा दिली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. चित्र एक वेळ शिकता येईल, हे कुठं शिकायचं?

रविवारी माझी कळशी समोरच्या भिंतीवर लागली, खाली माझं नाव छापलेलं. मी रजा टाकली होती. कंपनीतली माणसं सेकंड शिफ्टला जाता जाता आली. एकानं खांद्यावर हात टाकून म्हटलं, "भावा, एक नंबर. फोटोच वाटतोय राव." दुसऱ्यानं मोबाइलवर माझा चित्रासोबत फोटो काढला. मी हसलो. तीस वर्षं मी या दिवसाची वाट बघितली होती आणि तो अगदी मनातल्यासारखाच होता, भिंतसुद्धा तेवढीच मोठी.

दुपारी चऱ्होलीहून सासूबाई आल्या, मेहुण्याच्या गाडीतून. वय झालंय, पण नजर चांगली आहे. बायको त्यांना हाताला धरून समोरच्या भिंतीपाशी घेऊन आली. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झ्याक काढलीय, पावणं." आणि लेकीला विचारलं, "कुणाची म्हणायची गं ही कळशी?"

ती कळशी त्यांनी स्वतः आळंदीच्या दुकानातून पाच-सहा वाजवून बघून लेकीसाठी घेतली होती. लग्नाच्या आधी महिनाभर ती त्यांच्या उतरंडीशेजारी चिंचेनं घासून ठेवलेली होती. फ्लॅटवर येतात तेव्हा त्या अजूनही आधी तिच्याकडे जातात आणि जाता-येता पोच्यावरून हात फिरवतात.

मी बायकोकडे बघितलं. तिनं सांगावं असं मला वाटत होतं. सगळं सांगावं, तिथंच, माणसांत, म्हणजे मी तरी सुटेन.

"कुणाची न्हाई, आई," ती म्हणाली. "दुकानातली हाय."

आणि त्यांना आतल्या खोलीतली बाकीची चित्रं दाखवायला घेऊन गेली.